पॉप अल्बमचं कव्हर आणि जाहिराती: गायिकेचा चेहरा हवाच का?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. एका पॉप गायिकेच्या नव्या अल्बमचं सगळं दृश्यकाम माझ्याकडे आलंय. स्ट्रीमिंगसाठी चौकोनी कव्हर, व्हायनल आणि सीडीची मोजकी छपाई, आतलं बुकलेट, शिवाय जाहिराती: पोस्टर, होर्डिंग, फोनवरच्या उभ्या चित्रफिती. गायिका अगदीच नवखी नाही. तिची काही गाणी भरपूर वाजली आहेत, पण ती गुणगुणणाऱ्यांना तिचा चेहरा माहीत नाही.

घोडं नेमकं तिथेच पेंड खातंय. व्यवस्थापक म्हणतात, कव्हरवर भलामोठा चेहरा, त्यावर भलंमोठं नाव, आणि तेच चित्र कापून-ताणून सगळीकडे. माझं मत वेगळं आहे. कव्हरवर एकच ठसठशीत खूण असावी आणि चेहरा जाहिरातींत यावा. कव्हर वर्षानुवर्षं टिकतं, जाहिरात पंधरा दिवसांत उतरते. दोघांकडून एकच काम कशाला करून घ्यायचं? गायिका दोन्ही बाजूंना मान डोलावते.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी असं काम केलंय त्यांचे अनुभव हवेतच, पण नुसतं ऐकणाऱ्यांनीही लिहा. कव्हर पाहून कधी गाणं लावलंय का?

बिनसुराचा
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दोन_ओळी
व्यवस्थापकांना +१. ज्यांना चेहरा माहीत नाही त्यांना तो दाखवायचा नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? खुणा-बिणा मोठ्यांची चैन आहे. बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड'च्या पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. जॉन कॉश या डिझायनरने ते धाडस केलं, कारण १९६९ साली त्या चौघांना ओळखत नाही असं कोण होतं? तुमच्या गायिकेला रस्ता ओलांडताना दाखवलंत तर लोक म्हणतील, कोण आहे ही, सिग्नल तरी पाळतेय का?

जुनी_तबकडी
थोडा इतिहास सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

सुरुवातीला तबकड्या साध्या कागदी वेष्टनांत यायच्या आणि त्यांचे अल्बम म्हणजे जाड पुठ्ठ्याचे, एकरंगी, नाव ठोकलेले गठ्ठे. कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण कलादिग्दर्शकाने १९४० मध्ये त्यावर चित्र छापायची टूम काढली. पहिल्याच प्रयत्नात त्याने एका नाट्यगृहाच्या दर्शनी पाटीवर दिव्यांच्या अक्षरांत अल्बमचं नाव लावून घेतलं आणि त्याचा फोटो काढला. थोडक्यात, पहिलं गाजलेलं कव्हर म्हणजे जाहिरातीच्या पाटीचाच फोटो! १९४८ मध्ये लाँग प्ले आली आणि १२ इंचांचा चौकोन डिझायनरांच्या हाती पडला. दुकानात गिऱ्हाईक एकामागून एक कव्हरं चाळायचं. त्या क्षणी कव्हर हीच जाहिरात होती, दुसरी नव्हतीच.

म्हणून रेघोट्या, 'कव्हरचं काम वेगळं, जाहिरातीचं वेगळं' ही विभागणी मला पटत नाही. आजही यादीत बोट सरकवणारा माणूस चाळतोच आहे. फक्त चौकोन नखाएवढा झालाय.

टोणपा
@दोन_ओळी, 'खुणा ही मोठ्यांची चैन' हे सपशेल अमान्य. जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स', १९७९. बँडचा पहिलाच अल्बम, त्यांना ओळखणारे मूठभर. पीटर सॅव्हिलने काळ्या कव्हरवर पल्सार या प्रकारच्या ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख ठेवला. पुढे ना नाव, ना चेहरा. मूळ आकृती खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशातली, पांढऱ्यावर काळी. त्याने ती उलटी केली, काळ्यावर पांढरी. आज ती टीशर्टवर घालून हिंडणाऱ्या निम्म्यांनी एकही गाणं ऐकलेलं नसेल!

दोन_ओळी
तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. टीशर्ट खपले, गाणं ऐकलं नाही. :) आणि ती पॉप नाही हो. पॉपमध्ये माणूस विकला जातो, वाईट अर्थाने नाही म्हणत. लोकांना गाण्याइतकाच गाणारा हवा असतो.

हिरवट
पॉपच हवं? चार्ली एक्ससीएक्स, 'ब्रॅट', २०२४. डोळ्यांना टोचणारा हिरवा चौकोन आणि मध्ये किंचित धूसर, ताणलेल्या एरियल अक्षरांत चार इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं... चार नाही, पाच, बी-आर-ए-टी चारच, बरोबर, चारच. झोपेत टंकतोय. चेहरा नाही. त्यावर ओरड झाली तेव्हा तिने सुनावलं होतं की बायकांच्या कव्हरवर त्यांचा चेहरा आणि शरीर दिसलंच पाहिजे ही मागणी स्त्रीद्वेष्टी आणि कंटाळवाणी आहे.

आणि जाहिरात कोणी केली? लोकांनी. तसल्याच अक्षरांत कुठलाही शब्द हिरव्यावर टाकून देणारं साधन उपलब्ध करून दिलं आणि अख्खं इंटरनेट फुकट कामाला लागलं. उन्हाळ्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारातसुद्धा तो हिरवा दिसला. हे चेहऱ्याने झालं असतं का?

छापखाना
हिरवट यांनी हिरव्याचा विषय काढलाच आहे तर माझ्या धंद्याचं बोलतो. चेहरा की खूण हे तुम्ही ठरवा. ते कागदावर उतरताना काय होतं ते ऐका.

पडद्यावर झळकणारे हिरवे, गुलाबी, जांभळे रंग चार शाईंच्या छपाईत येत नाहीत. येणारच नाहीत, मशीन कितीही भारी असो. पडदा प्रकाश फेकतो, कागद नुसता परतवतो. असा रंग हवा तर पाचवी खास शाई लावावी लागते, पँटोनच्या रंगनमुन्यांच्या पुस्तकातून निवडून. खर्च वाढतो, पण रंग मरत नाही. माझा सल्ला नेहमी उलट्या क्रमाचा असतो: आधी छापून मिळेल असा रंग कागदावर निवडा, मग पडद्यावरचा त्याच्या जवळ आणा. बहुतेक जण आधी पडद्यावर प्रेमात पडतात आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) बघून छापखान्याला शिव्या देतात.

कागदही तसाच. बिनलेपाचा खरखरीत पुठ्ठा हाताला छान लागतो, पण शाई पितो. फोटो अर्धा पायरी अंधारात जातो. मोठा काळा भाग हवा असेल तर नुसती काळी शाई फिकट, राखाडी दिसते, तिच्याखाली दुसऱ्या रंगांचा आधार लागतो. त्यावर मॅट लॅमिनेशन केलंत की पहिल्या ग्राहकाच्या बोटांचे ठसे कायमचे मुक्कामाला. प्रूफ पाहायचं ते त्याच पुठ्ठ्यावर, त्याच लॅमिनेशनसह. पीडीएफवर 'ओके' लिहून पाठवू नका.

कणा विसरू नका. व्हायनलच्या कव्हरचा कणा तीनेक मिलिमीटर असतो. कपाटात उभं ठेवल्यावर जगाला तेवढंच दिसतं. त्यावर नाव वाचता आलं पाहिजे, आणि घडी अर्धा मिलिमीटर सरकली तर अक्षरं कोपऱ्यावर चढतात, म्हणून कण्याचा रंग पुढच्या-मागच्या बाजूंपेक्षा फार वेगळा ठेवू नये. बुकलेट पिनांचं असेल तर पानं चारच्या पटीत. साचा मात्र जो कव्हर बनवणार त्याच्याकडूनच घ्या, नेटवरून उतरवलेला नको. प्रत्येकाची घडी वेगळी असते.

रेघोट्या
@छापखाना, दंडवत. प्रतिसाद छापून भिंतीवर लावतोय (चार रंगांतच). मला एक खिडकी कापायची आहे कव्हरला, आतलं चित्र त्यातून दिसेल अशी. खूप त्रास होतो का?

छापखाना
होतो, पण मजाही तिथेच आहे. डायची (पुठ्ठा कापणाऱ्या साच्याची) रेघ आणि छपाई थोडीफार सरकणारच हे धरून चित्र काढा. खिडकीच्या काठावर बारीक चौकट आखलीत तर तिरकेपणा लगेच दिसतो. आणि कडा फार नाजूक नकोत, तबकडी आत-बाहेर करताना फाटतात.

वेष्टनात करामत करायची तर आतल्या मालाचा विचार आधी. रोलिंग स्टोन्सच्या 'स्टिकी फिंगर्स'ची (१९७१) कथा आमच्याकडे प्रत्येक उमेदवाराला सांगतात. कल्पना चित्रकार अँडी वॉरहॉलची, कव्हरवर पँटला असते तशी खरीखुरी चेन (झिप) बसवलेली. गठ्ठे एकमेकांवर रचून पाठवले तर चेनीच्या पट्टीने तबकडीला खड्डा! उपाय निघाला तो असा: पाठवण्याआधी चेन अर्धी उघडायची, म्हणजे पट्टी मधल्या कागदी लेबलवर येते, खड्डा पडला तरी खोबणी सलामत.

टोणपा
डायकटचा, म्हणजे साच्याने कापलेल्या वेष्टनाचा विषय निघाला आणि न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' नाही? १९८३, पुन्हा सॅव्हिल. फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं वेष्टन, बँडचं नाव रंगीत ठोकळ्यांच्या सांकेतिक लिपीत. वेष्टन इतकं महाग की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा झाला अशी आख्यायिका आहे. तोट्याचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. वर गाणं तुफान खपलं.

बिनसुराचा
म्हणजे जितकं खपेल तितकं बुडेल. आमच्या सगळ्या योजना अशाच असतात.

कॅसेटकाकू
अवांतर: खर्चावरून आठवलं. गायक डेव्हिड बोवीच्या 'अलादिन सेन'चं (१९७३) चेहऱ्यावर विजेची रेघ असलेलं कव्हर चारऐवजी सात रंगांत छापलं होतं. त्याच्या व्यवस्थापकाचा हिशेब असा की कव्हरवर कंपनीचा एवढा पैसा गुंतला की तो वसूल करायला तिला जाहिरात करावीच लागेल. रेघोट्या, तुमच्या व्यवस्थापकांना ही गोष्ट सांगा, डोळे चमकतील.

आणि हो, ते कव्हर म्हणजे चेहराच आहे आणि खूणही. इथे दोन तट पाडून भांडणाऱ्यांनी एकदा ते बघा.

जुनी_तबकडी
@कॅसेटकाकू, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. वीज वगळली तर तो नुसता डोळे मिटलेला माणूस.

पाटीवाली
मी जाहिरातीच्या बाजूची. इथे सगळे कव्हरवरच रमलेत, म्हणून लिहिते.

कव्हर कापून होर्डिंग होत नाही. चौकोनी चित्र आडव्या फळीवर टाकलं की दोन्हीकडे रिकामी जागा उरते, मग कोणीतरी तिथे धुकं, ठिणग्या आणि उडती पाखरं भरतं. उभ्या चित्रफितीत उलटा घोळ: वर नाव, खाली बटणं, उजवीकडे हृदयाचं चिन्ह, आणि गायिकेची हनुवटी त्याखाली गाडलेली. म्हणून फोटो काढण्याआधीच मापांची यादी द्या. आडवा, उभा, चौकोनी, तिन्हींना पुरेल एवढी मोकळी जागा छायाचित्रकाराने आजूबाजूला सोडायला हवी. नंतर जागा 'वाढवून' देणारे खूप भेटतील, पण केसांच्या कडा सगळं सांगून टाकतात.

दुसरं, जाहिरातीला वेळ असतो, कव्हरला नसतो. अल्बम यायच्या आधी लोकांना फक्त कुतूहल हवं: एक रंग, एक आकार, तारीख. आला त्या दिवशी नाव आणि चेहरा. आल्यानंतर गाण्यांतल्या ओळी, कारण एव्हाना लोकांनी त्या उचललेल्या असतात. तिन्ही वेळी तोच फोटो लावला तर दुसऱ्या आठवड्यात डोळे त्यावरून घसरतात. होर्डिंगवर सहा-सात शब्दांच्या वर जाऊ नका. चालत्या गाडीतून कोणी श्रेयनामावली वाचत नाही.

रॉकवाल्यांनी होर्डिंग पहिल्यांदा गाजवलं ते लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर, १९६७ मध्ये डोअर्स या बँडचं. दोन वर्षांनी तिथेच 'अ‍ॅबी रोड'चं लागलं आणि कोणीतरी त्यातलं पॉल मॅकार्टनीचं डोकं कापून पळवलं. जाहिरातीचं यश याहून मोठं काय असणार!

दोन_ओळी
बघा, चेहराच चोरीला गेला. खूण कोणी चोरली का?

पाटीवाली
:)) हा मुद्दा मी पुढच्या सादरीकरणात वापरणार.

पण उगाच फुगवाल तर हसंही होतं. १९९५ मध्ये 'हिस्टरी' अल्बमसाठी मायकेल जॅक्सनचा महाकाय पुतळा थेम्स नदीतून तरंगत नेला. लक्ष गेलं का? जगभराचं. पण गाण्यांपेक्षा पुतळ्याचीच चर्चा जास्त झाली, असं माझं मत.

फोटोकार्डप्रेमी
मी के-पॉप (कोरियन पॉप) ऐकते, सांभाळून घ्या. तुम्ही सगळे पुठ्ठा आणि शाई बोलताय, आमच्याकडे अल्बम म्हणजे खोकं. त्यात फोटोंचं पुस्तक, पोस्टर, स्टिकर आणि कुठलं निघेल सांगता येणार नाही असं फोटोकार्ड, म्हणजे कलाकाराच्या फोटोचं छोटं कार्ड. गर्ल्स जनरेशन या गटाच्या २०१० च्या 'ओह!'पासून हे रुजलं. सीडी वाजवायला यंत्र नाही, तरी अल्बम आहेत. चेहरा कव्हरवर नसला तरी चालतो कारण आत तो नशिबाच्या चिठ्ठीसारखा निघतो! रेघोट्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चेहरा आत लपवा.

टोणपा
आणि हव्या त्या कार्डासाठी तोच अल्बम दहादा घ्यायचा, सीडी कचऱ्यात. हे डिझाइन आहे की सोडत?

फोटोकार्डप्रेमी
टीका मान्य, पण हे फक्त आमच्याकडे आहे असं नका समजू. टेलर स्विफ्टच्या 'मिडनाइट्स'च्या (२०२२) चार आवृत्त्यांच्या मागच्या बाजू जोडल्या की घड्याळ होतं. सुंदर कल्पना, पण चार घ्यायला लावणारी. बिली आयलिशने २०२४ मध्ये या वाढत्या आवृत्त्यांच्या उधळपट्टीवर उघड बोट ठेवलं होतं. तिच्या स्वतःच्या अल्बमच्याही अनेक रंगांच्या आवृत्त्या निघाल्या, फक्त प्लास्टिक पुनर्वापराचं आणि तत्सम. त्यावरूनही वाद झालाच.

जुनी_तबकडी
वाया जाणारं वेष्टन जुनंच दुखणं. सीडीच्या सुरुवातीला अमेरिकेत तिला उंच पुठ्ठ्याच्या 'लाँगबॉक्स'मध्ये विकत, कारण दुकानातल्या मांडण्या लाँग प्लेच्या मापाच्या होत्या आणि छोटी डबी खिशात घालणं सोपं होतं. घरी नेलं की पुठ्ठा थेट केराच्या टोपलीत. १९९३ मध्ये ती प्रथा बंद पडली. चांगलं वेष्टन ते, जे फेकवत नाही. स्पिरिच्युअलाइज्ड या बँडचा १९९७ चा अल्बम मार्क फॅरोने औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटासारखा बांधला होता, सोबत औषधाच्या माहितीपत्रकासारखा कागद. ते कोण फेकेल?

चष्मिष
नुसती ऐकणारी आहे, माझी एकच मागणी. बुकलेटमधले गाण्यांचे शब्द वाचता येतील असे छापा. गडद जांभळ्यावर काळी, मुंगीएवढी अक्षरं कोणासाठी असतात? बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ने १९६७ मध्ये मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापले, लाल पार्श्वभूमीवर, आणि अजून वाचता येतात. १२ सेंटिमीटरच्या बुकलेटात जागा नसेल तर फोटो कमी करा. चेहरा दहा पानांवर पाहून झालेला असतो.

कॅसेटकाकू
@चष्मिष, टाळ्या. आणि त्याच कव्हरबद्दल: चित्रकार पीटर ब्लेकचं नाव सगळे घेतात, जॅन हॉवर्थ या त्याच्या तेव्हाच्या पत्नीचं नाव गाळतात. दोघांचं काम होतं ते. रेघोट्या, बुकलेटच्या शेवटच्या पानावर तुमचं आणि छायाचित्रकाराचं नाव आहे ना, एवढं बघून घ्या.

वकिलीण
उशिरा आले. कव्हरवर कोणाचाही चेहरा, अगदी मागच्या बाजूच्या गर्दीतलाही, छापणार असाल तर लेखी परवानगी घ्या. आणि त्यात 'कव्हर' एवढंच नको. जाहिरात, टीशर्ट, पुढच्या आवृत्त्या, सगळं लिहा. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'च्या १९६७ च्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला एका नटाची प्रतिमा बिनपरवानगी आली, त्याने पैसे मागितले आणि कंपनीला ती प्रतिमा झाकावी लागली. व्हॅम्पायर वीकेंडच्या २०१० च्या 'कॉन्ट्रा'वरच्या फोटोतल्या स्त्रीने दावा लावला, तो तडजोडीने मिटला. जुना, सापडलेला, 'कोणाचा माहीत नाही' असा फोटो सर्वांत धोक्याचा. कोणाचा तरी असतोच.

बिनसुराचा
थोडक्यात, आपलीच गायिका बरी. दावा लावला तरी घरातल्या घरात.

अपलोड_मास्तर
एक कोरडा मुद्दा, पण यावर फायली परत येतात. स्ट्रीमिंगसाठी चौकोनी चित्र शक्यतो ३००० बाय ३००० पिक्सेलचं द्या. त्यावर संकेतस्थळाचा पत्ता, समाजमाध्यमांची नावं, किंमत, 'आता उपलब्ध' छापाचा मजकूर नको, नाकारतात. म्हणजे जाहिरातीचं चित्र तसंच कव्हर म्हणून चढवता येत नाही. हा घ्या व्यवस्थापकांना सांगायला नियमांतला मुद्दा. :) आणि स्पॉटिफायवर गाण्यामागे ३ ते ८ सेकंदांची उभी फिरती चित्रफीत लावता येते. खिडकीचं कव्हर करत असाल तर तिथे खिडकीतलं चित्र हलवा. चेहरा तिथे दिसू दे.

रेघोट्या
सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खूपच पुढे गेला. काल तिघे बसलो होतो. 'अलादिन सेन'चा मुद्दा मांडला आणि अपलोड_मास्तरांचा नियमही. सध्या ठरलंय ते असं: व्हायनलला गोल खिडकी, तिच्यातून आतल्या वेष्टनावरच्या फोटोतला फक्त एक डोळा दिसेल. आतलं वेष्टन बाहेर काढलं की पूर्ण चेहरा. स्ट्रीमिंगच्या चौकोनात तोच गोल, तोच डोळा, आणि नाव बारीक नाही, वाचता येईल एवढं. होर्डिंगवर पाटीवालींच्या क्रमाने जाऊ: आधी नुसता गोल आणि तारीख, मग चेहरा. फोटो नव्याने काढतोय, चारही बाजूंना जागा सोडून.

व्यवस्थापकांनी होकार दिला, पण अट घातली की नखाएवढ्या आकारात डोळा डोळाच वाटला पाहिजे.

दोन_ओळी
माझा विरोध अर्धा मागे. एका डोळ्यापुरता. दुसऱ्या डोळ्याबद्दल चर्चा चालू राहील.

हिरवट
रंग कोणता?

छापखाना
रंग आधी कागदावर बघा म्हणून वर सांगितलंय. आणि रेघोट्या, डोळा खिडकीच्या बरोबर मध्यावर आणायचा तर आतलं वेष्टन कव्हरात सैल असणार, सात-आठ मिलिमीटर इकडेतिकडे सरकणार. खिडकी बुबुळापेक्षा बरीच मोठी ठेवा, नाहीतर निम्म्या प्रतींत नाकपुडी दिसेल. खरी तबकडी आत घालून कोरा नमुना करून घ्या, हलवून बघा, मगच फोटोचं माप ठरवा.

बिनसुराचा
नाकपुडीवाली प्रत मी घेणार. दुर्मीळ आवृत्ती!